सावलीचं नाव
गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या बारा वर्षांच्या भाचीला स्टुडिओ जिब्लीचा 'टेल्स फ्रॉम अर्थसी' दाखवला. उर्सुला ले ग्विन यांची पुस्तकं तिला जड जातील, तेव्हा आधी सिनेमा, मग जमलं तर वाचन, असा माझा हिशेब होता. सिनेमा संपला. दुष्ट मांत्रिक कॉब जळून मेला, सगळे सुटले. भाची म्हणाली, "पण मावशी, अ‍ॅरनने सुरुवातीला स्वतःच्या बाबांना का मारलं?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमालाही ते धड देता आलेलं नाही. त्या पहिल्या सुऱ्याशी कॉबचा काही संबंध नव्हता, मग त्याच्या मरणाने काय मिटलं?

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आली. एका छोट्या प्रकाशकाने थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं, म्हणून ले ग्विन यांनी ती लिहिली. पुढच्याच वर्षी त्यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' आली. ती विज्ञानकादंबरी मोठ्यांच्या कपाटात गेली आणि ही मुलांच्या. दोन्ही वाचल्यावर माझं मत असं, की मुलांच्या कपाटातलं पुस्तक अधिक कठोर आहे.

गाँट बेटावर शेळ्या राखणारा एक मुलगा जादूच्या शाळेत जातो. (हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही शाळा, पण ते असो.) तिथे एका वरचढ मुलाला खिजवण्यासाठी तो मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो. तिच्या मागोमाग एक काळी सावली जगात शिरते आणि त्याचा चेहरा फाडते. तिला रोखताना शाळेचा म्हातारा प्रमुख प्राण गमावतो. म्हणजे नायकाच्या हट्टापायी एक भला माणूस मेलेला आहे, आणि दोष ढकलायला पुस्तकात खलनायकच नाही. पुढे सावली त्याचा पाठलाग करते, मग तो सावलीचा. जगाच्या पूर्व टोकाला दोघे समोरासमोर येतात आणि एकमेकांना नाव देतात. दोघांच्या तोंडी एकच नाव असतं, गेड. लढाई होत नाही.

नावाची ही गोष्ट मराठी वाचकाला फार समजावून सांगावी लागू नये. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. तेराव्या वर्षी थंड पाण्यातून चालत आलेल्या मुलाच्या कानात ओजिअन असंच नाव सांगतो. फरक एवढाच, की आपण लगेच सगळ्यांना ते सांगून घुगऱ्या वाटतो आणि अर्थसीत ते नाव लपवायचं असतं. ज्याला ते कळलं त्याच्या हाती तुमचा जीव. वेच हा मित्र गेडला आपलं खरं नाव आपणहून सांगतो तेव्हा गेड पार खचलेला, शाळेत मागे पडलेला असतो. मैत्रीबद्दल इतकं नेमकं पान मी मुलांच्या पुस्तकांत क्वचित वाचलंय.

२००४ साली अमेरिकेतल्या साय-फाय चॅनलने याची मालिका केली. तिच्यात खरं नाव आणि हाकेचं नाव चक्क उलटंपालटं केलं. गेड झालं हाकेचं नाव, स्पॅरोहॉक खरं! शिवाय गेड गोरा झाला. ले ग्विन यांनी याचा जाहीर निषेध केला आणि तो योग्यच होता. त्यांनी गेडला तांबूस तपकिरी, वेचला त्याहून काळा रंगवला होता आणि गोरे असतात ते लुटायला येणारे कार्गाडचे लोक. मला मात्र इथे स्वतःचीच लाज वाटते. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तकात रंग स्पष्ट लिहिलेला असूनही माझ्या डोळ्यांपुढचा गेड गोराच होता. जादूगार म्हटलं की तसाच, हे मी कुठून शिकले होते कोण जाणे.

जिब्लीचा सिनेमा २००६चा, गोरो मियाझाकी यांचा पहिलाच. त्यातलं आकाश, शेतं, जुनं बंदर मला आवडतं. पण सावली गेडकडून काढून अ‍ॅरनला दिली, आणि शेवटी सगळं पाप एका फिकट चेहऱ्याच्या मांत्रिकावर लोटून त्याला जाळून टाकलं. ले ग्विन यांनाही नेमकं हेच खटकलं होतं. मनातलं द्वंद्व पडद्यावर दाखवता येत नाही, मुलांना कोणीतरी हरलेलं दिसावं लागतं, असा बचाव करता येईल. पण गोरोंच्या वडिलांचा, हायाओ मियाझाकींचा, 'स्पिरिटेड अवे' २००१ मध्येच येऊन गेला होता. त्यात युबाबा चिहिरोचं नाव चोरते, हाकू स्वतःचं नाव विसरलेला असतो आणि ते आठवल्यावर सुटतो. युबाबाला कोणी मारत नाही. दहा वर्षांची मुलंही तो बघतात, त्यांना काही कमी पडत नाही. हायाओ अर्थसीचे जुने चाहते. मला तर वाटतं, अर्थसीचा खरा सिनेमा वडिलांनी पुस्तकाला हात न लावता करून ठेवला होता.

भाचीला मी शेवटी पुस्तकच दिलं. जड गेलं नाही, नावं तेवढी अडली. परवा फोन आला, ती सावली मागे लागते तिथवर पोचली होती.

"मावशी, हा शेवटी तिला मारतो ना?"

मी म्हटलं, वाच.