मोकळ्या जागांचे मानांकन : एक परीक्षण

इमारतींना पर्यावरणाच्या कसोटीवर गुण देण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. इमारतीबाहेरच्या भूमीला तशीच कसोटी लावण्याचा एक व्यवस्थित प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील ‘साइट्स’ ही मानांकनपद्धती होय. अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, टेक्सास विद्यापीठाचे लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटर आणि युनायटेड स्टेट्स बोटॅनिक गार्डन या तीन संस्थांनी ती सिद्ध केली. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः तिच्या २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीचे आहे आणि ते एकाच प्रश्नापुरते मर्यादित आहे: प्रमाणपत्र मिळविणारी जागा ‘मोकळी’ असते काय?

प्रथम या पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. उद्यानरचनेचा विचार पूर्वी बहुधा डोळ्यांना काय रुचते एवढ्यावरच थांबत असे. या पद्धतीने तो मातीपर्यंत नेला. पावसाचे पाणी गटारात न लोटता जागीच जिरविणे, बांधकामात तुडविल्या गेलेल्या मातीचा कस पुन्हा सुधारणे, या गोष्टी तिच्या १८ अनिवार्य अटींत मोडतात. त्यांखेरीज ४८ ऐच्छिक निकष असून त्यांचे मूळ गुण २०० आहेत. सर्वांत खालच्या श्रेणीस ७०, तर सर्वोच्च श्रेणीस १३५ गुण लागतात.

दोष आहे तो या गुणांच्या वाटणीत. माती व वनस्पती यांना ४० आणि बांधकाम-साहित्याच्या निवडीला ४१, असे या दोन विभागांचेच ८१ गुण होतात. म्हणजे अनिवार्य अटी पाळल्यावर केवळ या दोहोंच्या बळावरही प्रमाणपत्र मिळू शकते. मानवी आरोग्य व स्वास्थ्य या विभागाला ३० गुण आहेत. त्यांतही रात्रीच्या प्रकाशाचा उपद्रव कमी करण्यास ४ गुण आहेत, तर जागेचा लाभ सर्वांना सारखा मिळावा या निकषास अवघे २. बेरजेची पद्धत स्वीकारली की एका गुणाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. परंतु उत्तम फरसबंदीने बंद दाराची भरपाई होते, असे कोण म्हणेल?

पिट्सबर्ग येथील फिप्स कॉन्झर्व्हेटरीच्या आवारात २०१२ मध्ये खुले झालेले ‘सेंटर फॉर सस्टेनेबल लँडस्केप्स’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नगरपालिकेच्या जुन्या, दूषित आवाराचा तेथे कायापालट झाला. पद्धतीच्या प्रायोगिक टप्प्यातील सर्वोच्च अशा चार तारका या प्रकल्पाने मिळविल्या आणि त्या योग्यच होत्या. मात्र फिप्स ही प्रवेशमूल्य घेणारी संस्था आहे. वनस्पतिसंग्रहालयाने तिकीट लावावे यात वावगे काहीच नाही. मुद्दा एवढाच की खाजगी आवार आणि सार्वजनिक उद्यान यांना हे प्रमाणपत्र एकाच तराजूत तोलते.

त्याच तराजूत आपल्या परिचयाचे एखादे मैदान घालून पाहावे. दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांस खुले झाले. क्रिकेटचा सराव, कट्ट्यावरच्या गप्पा, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभा, हे सारे त्याने सामावून घेतले. उघडी माती, तिची उडणारी धूळ आणि मधल्या भागातील वृक्षांचा अभाव पाहता माती-वनस्पतींच्या विभागात त्याच्या पदरी फारसे पडणार नाही. ही उणीव खरी आहे व ती दूर व्हावयास हवी. परंतु ज्या मोकळेपणामुळे ते मैदान शहराचे झाले, त्याला या कोष्टकात पुरेशी जागा नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. झाडाची सावली पडण्यास वर्षे लागतात, आणि लोकांची सवय जडण्यासही. या पद्धतीत देखभालीचा आराखडा अनिवार्य आहे; परंतु जागा पुढे प्रत्यक्षात कशी चालते याच्या निरीक्षणाची योजना ऐच्छिक असून तिला ४ गुण आहेत. म्हणजे प्रमाणपत्र बरेचसे संकल्पाला मिळते, फलश्रुतीला नव्हे.

यावरून मानांकनच टाकाऊ ठरत नाही. सार्वजनिक म्हणविणाऱ्या जागेपुरता मुक्त प्रवेश हा गुणांचा विषय न राहता अनिवार्य अट व्हावा, आणि काही वर्षांनी वापराची पुनःपरीक्षा व्हावी, एवढ्या दोन सुधारणा आवश्यक वाटतात. तोवर अभ्यासकाने प्रमाणपत्राची श्रेणी पाहून न थांबता गुण कोणत्या विभागांतून आले, हे तपासावे. भूमी निरोगी करणे आणि ती सर्वांची करणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. पहिले साधल्याने दुसरे आपोआप साधत नाही.