संदेशहारक: दूतकाव्य आणि सायकलवरचा निरोप्या

साहित्यदर्पणकार विश्वनाथाने दूताचे तीन प्रकार सांगितले आहेत: निसृष्टार्थ, मितार्थ आणि संदेशहारक. पहिला उभय पक्षांचा आशय ओळखून स्वतःच्या बुद्धीने उत्तर देतो आणि कार्य तडीस नेतो. दुसरा मोजके बोलून काम साधतो. तिसरा, जेवढे सांगितले तेवढेच पोचवितो. या क्रमात योग्यतेची उतरंड गृहीत धरलेली आहे, हे उघड आहे. परंतु आजच्या जगात ज्या कामावर असंख्य माणसांची पोटे चालतात, ते काम या तिसऱ्याचेच होय. काव्याने त्याला स्वतःचे असे अस्तित्व क्वचितच दिले, आणि ज्या संस्थांनी त्याला कामास लावले त्यांनीही त्याच्या दर्जाचा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित ठेवला. ही दोन्ही एकाच दृष्टिदोषाची रूपे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दूतकाव्याचा आदर्श म्हणजे ‘मेघदूत’. अचेतन मेघाकडून निरोप कसा पोचणार, ही शंका कालिदासाने स्वतःच उपस्थित केली आहे आणि विरहाने व्याकुळ झालेल्यास चेतन-अचेतनाचा विवेक राहत नाही, असे तिचे समाधानही केले आहे. दमल्यास पर्वतशिखरावर विसावा घे, क्षीण झाल्यास नदीचे पाणी पी, असे यक्ष मेघाला सांगतो. ही आस्था खरी आहे. तथापि ती निरोप धाडणाऱ्याच्या तोंडची आहे. मेघ स्वतः एक अक्षरही बोलत नाही. दूताच्या श्रमांचे वर्णन येते ते निरोपाच्या सोयीसाठी.

मराठीत या संकेताला एक लक्षणीय अपवाद आढळतो. रघुनाथपंडितांच्या ‘नलदमयंतीस्वयंवराख्याना’तील हंस दूत होण्यापूर्वी नळाच्या हाती सापडतो, आणि त्या क्षणी वृद्ध माता, नुकतीच प्रसूत झालेली पत्नी व लहान पिले यांच्या नावाने विलाप करतो. हा प्रसंग श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’तून आलेला आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनात तो ठसला आहे तो पंडितांच्या रसाळ श्लोकांमुळे. दूतालाही घर असते, हे येथे क्षणभर दिसते. पुढे सुटका होऊन हंस दूतकार्यास निघाला की मात्र ते घर कथेतून नाहीसे होते. बारामतीस बाबूराव नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर ‘केकावली’त दूताचे प्रयोजनच ठेवले नाही. तेथे मयूर मेघालाच हाक घालतो, आणि भक्त व ईश्वर यांच्यामध्ये निरोप्या उरत नाही. भक्तिकाव्याच्या दृष्टीने हे युक्तच आहे. पण ज्या काळात ही हाक लिहिली गेली, त्या काळातला लौकिक पत्रव्यवहार जासूदजोड्यांच्या पायांवर चालत होता, याचेही भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

त्या जासुदांचे वारस बारामती व इंदापूर या तालुक्यांत आज कोणत्या रूपात आढळतात? पहिला वारस टपालवाला. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत सायकल चालविता येणे ही अट असते, आणि सायकलीच्या देखभालीसाठी भत्ताही मिळतो. तारखाते १५ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तोवर तारवाल्याची सायकल दाराशी थांबली की वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. या मनुष्याकडे केवळ पोचविण्याचे काम होते असे मानणे चूक ठरेल. निरक्षर घरात पत्र वाचून दाखविणे, त्याचे उत्तर लिहून देणे, अशुभ वार्ता आधी कोणाच्या कानी घालावी ते ठरविणे, ही कामे तो करीत आला. दर्जा संदेशहारकाचा, परंतु बुद्धी निसृष्टार्थाची, अशी ही स्थिती आहे.

दुसरा वारस या भागाच्या भूगोलाने घडविला. पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, जुन्नर या डोंगराळ बाजूने मुंबईला डबेवाले पुरविले. १८९० पासूनची त्यांची परंपरा सर्वश्रुत आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या पूर्वेकडील बाजूने मात्र आपला निरोप्या गावातच निर्माण केला. साखर कारखान्याचा ‘चिटबॉय’ तो हाच. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखान्यांच्या या टापूत त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. लागणीची नोंद ठेवणे, तोडीची चिठ्ठी शेतकऱ्यास व टोळीच्या मुकादमास पोचविणे, हे त्याचे काम. वरवर पाहता ते क्षुल्लक वाटते. परंतु तोड लांबली तर ऊस वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो. म्हणून चिठ्ठी कोणाच्या हाती आधी पडली, या प्रश्नात वर्षभराच्या कष्टांचे मोल गुंतलेले असते आणि वशिल्याचा संशय सर्वप्रथम चिठ्ठी आणणाऱ्यावरच येतो. सायकल जाऊन मोटारसायकल आली, कागदाच्या चिठ्ठीची जागा बऱ्याच अंशी मोबाइलवरील संदेशाने घेतली. संशय मात्र आहे तेथेच आहे.

हा संशय आणि त्याच्या पाठीमागचा विश्वास, हाच निरोप्याच्या जीवनातील खरा नाट्यविषय होय. जपानी नाटककार चिकामात्सु याने १७११ साली कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी लिहिलेल्या ‘मेइदो नो हिक्याकु’ (यमलोकीचा जासूद) या नाटकात तो अचूक हेरला आहे. जासूदपेढीचा दत्तक वारस चूबेइ दुसऱ्याची रक्कम पोचविण्यास निघतो, पण त्याचे पाय त्याला गणिकेच्या वस्तीकडे ओढतात. अखेर तो पुडक्याची मोहोर फोडतो, त्या पैशाने उमेगावाला सोडवितो आणि दोघांचाही सर्वनाश ओढवतो. बंगाली कवी सुकान्त भट्टाचार्य (१९२६–१९४७) यांच्या ‘रानार’ या कवितेतील डाकवाहकही पाठीवर पैशांची थैली घेऊन रात्रभर धावतो. त्याच्या पैशाला हात लागत नाही, आणि त्याचे दुःख कोणी वाचीत नाही. एकाने मोहोर फोडली, दुसऱ्याने राखली. परंतु दोन्ही कृतींत निरोपापेक्षा निरोप्या मोठा झाला आहे. या दोन्हींचे वाङ्मयीन महत्त्व येथेच आहे.

याच्या तुलनेत यासुओ बाबा यांचा ‘मेसेंजर’ (१९९९) हा टोकियोतील सायकलस्वार निरोप्यांवरचा चित्रपट उणा वाटतो. अपघातात जायबंदी झालेल्या स्वाराचे काम एक सुखवस्तू शहरी स्त्री पत्करते, ही कल्पना उत्तम आहे, कारण तिच्या अनभ्यस्त शरीरातून त्या श्रमांची जाणीव प्रेक्षकास होते. पुढे मात्र मोटारसायकलवाल्यांशी लागलेली चुरस आणि वेगाचा उल्हास यांनी चित्रपट व्यापला जातो. प्रत्यक्षात त्या स्वारांपुढील प्रश्न वेगळा होता: आपण कामगार आहोत की स्वतंत्र ठेकेदार? जपानच्या कामगार मंत्रालयाने सप्टेंबर २००७ मध्ये परिपत्रक काढून त्यांच्या कामगारपणाचा विचार केला आणि देखरेखीखाली राबणारे हे स्वार कामगारच ठरतात, असा अभिप्राय दिला. आपल्याकडे खात्याबाहेरील समजल्या जाणाऱ्या ग्रामीण टपालसेवकांविषयी, त्यांचे पद हे नागरी पद आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिला होता. तरीही नियमित सरकारी नोकराचा दर्जा त्यांना त्यामुळे लाभला नाही.

ओझे आपले, वाहनही पुष्कळदा आपले, आणि आपण मात्र कोणाचेच नव्हे, ही संदेशहारकाची व्यथा टोकियोत आणि इंदापुरात सारखीच आहे. विश्वनाथाच्या वर्गीकरणाचा दोष वर्गीकरण करण्यात नाही. केवळ पोचविण्यात बुद्धी, निष्ठा आणि मोह यांना वाव नसतो, या गृहीतात तो आहे. ते गृहीत सोडले तर दूतकाव्याकडे पाहण्याची एक नवी कसोटी हाती येते: दूत बोलतो काय, आणि बोलला तर कोणाविषयी? रघुनाथपंडितांच्या हंसाने ही कसोटी क्षणभर पार केली आहे. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांनी आयुष्यभर इतरांची पत्रे आणि चिठ्ठ्या वाहिल्या, त्यांच्या तोंडच्या हकीकती अद्याप ऐकता येण्याजोग्या आहेत. त्या टिपून ठेवणे हे केवळ समाजशास्त्राचे काम समजून मराठीच्या अभ्यासकाने बाजूस सारू नये. मोहोर न फोडता आयुष्य काढणाऱ्या या माणसांजवळ एक वाङ्मय आहे, आणि त्याला अजून त्याचा कवी भेटावयाचा आहे.