शिकाऱ्याचा धीर आणि बगळ्याचे ध्यान

शिकारकथेत बंदुकीचा बार शेवटी उडतो. परंतु लेखकाचा कस लागतो तो बारापूर्वीच्या शांततेत. या दृष्टीने १९१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘द वाइल्ड टर्की अँड इट्स हंटिंग’ हे पुस्तक आजही वाचनीय आहे. ते एडवर्ड मॅकइलहेनी यांच्या नावावर असले, तरी त्याचा गाभा चार्ल्स जॉर्डन या मुरब्बी शिकाऱ्याच्या हस्तलिखिताचा आहे. लुइझियानातील एका राखीव शिकारक्षेत्राची व्यवस्था पाहणाऱ्या जॉर्डनला १९०९ साली एका चोरट्या शिकाऱ्याने ठार केले. मागे राहिलेले लिखाण मॅकइलहेनींनी सिद्ध करून छापले.

रानटी टर्की हा पक्षी नजरेचा आणि कानांचा विलक्षण तिखट. वसंतात पहाटे झाडावरून नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते, हा निसर्गक्रम. शिकारी मादीचा आवाज काढून हा क्रम उलटा करू पाहतो. म्हणूनच नर पुष्कळदा अर्ध्या वाटेत अडून राहतो आणि पिसारा फुलवून मादीचीच वाट पाहतो. अशा वेळी उतावळा शिकारी हाकांवर हाका देतो किंवा जागेवरून हलतो, आणि पक्षी निसटतो. जाणता शिकारी दोन-चार स्वर काढून तासभरसुद्धा गप्प बसतो. टर्कीच्याच पंखांच्या हाडांची पिपाणी कशी करावी, हे जॉर्डन सांगतो. पण ती केव्हा खाली ठेवावी, हे शिकायला जन्म जातो.

पक्ष्याच्या सवयींचे निरीक्षण हे या पुस्तकाचे खरे बळ. उलट, डॉ. शुफेल्ट यांची टर्कीच्या पुराणकाळावरील व इतिहासावरील प्रकरणे विद्वत्तापूर्ण असूनही कथनाच्या ओघाला खीळ घालतात.

तथापि एक प्रश्न उरतोच. गोळीपाशी संपणाऱ्या धीराला सद्गुण म्हणावे काय? बगळाही एका पायावर तासन् तास उभा राहतो. आपण त्याला तपस्वी म्हणत नाही, बकध्यान म्हणतो. माझ्या मते फरक संयमाचा आहे. वसंतातील हंगामात सामान्यतः नरच टिपायचा आणि मादीला हात लावायचा नाही, हा दंडक पाळला तरच त्या धीराला अर्थ येतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेली पिले रानात सोडण्याची घाई वर्षानुवर्षे फसली. ती जगत नसत. १९५०च्या दशकापासून रानातलेच पक्षी तोफेने फेकलेल्या जाळ्यांत पकडून दुसऱ्या रानांत सोडले गेले, तेव्हा कुठे ती राने पुन्हा सादांनी भरली. जॉर्डनने एका पहाटेपुरता शिकवलेला धीर त्या माणसांनी कित्येक वर्षे धरला. शिकारसाहित्याची थोरवी मोजायची, तर ती याच मापाने मोजावी असे मला वाटते.