ओवीखाली नाव कोणाचे?

दिवाळी आली की आपल्याकडे ओव्यांना बहर येतो. भाऊबीजेच्या शुभेच्छापत्रावर ओवी, लग्नपत्रिकेवर ओवी, महिला मंडळाच्या भाषणात तर तीन-चार. ओवी छापली की खाली एक आडवी रेघ येते आणि रेघेपुढे नाव. माझे भांडण त्या नावाशी आहे. ओवी 'स्त्रीजीवन'मधून घेतलेली असली तर खाली साने गुरुजी. डॉ. सरोजिनी बाबरांच्या संग्रहातली असली तर बाबर. कोठून घेतली हेच आठवत नसेल, तर जनाबाई आणि बहिणाबाई यांपैकी जी आधी सुचेल ती!

वाचक म्हणतील, मास्तरांना दुसरे काम दिसत नाही. पण यात अन्याय आहे. साने गुरुजींनी त्या ओव्या रचल्या नाहीत, आयाबायांच्या तोंडून जमवल्या. सरोजिनीबाई आमच्या सांगलीकडच्या, बागणीच्या. त्यांनीही खेड्यापाड्यांतले हे धन वेचले ते संपादिका म्हणून. ज्यांनी स्वतः कवित्वाचा दावा केला नाही, त्यांच्यावर तो लादून आपण त्यांचा गौरव करीत नाही. आणि जिने पहाटे जाते ओढताना ती ओळ जुळवली, तिला मात्र दुसऱ्यांदा पुसून टाकतो.

बहिणाबाई चौधरींचेच पाहा. त्या १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, म्हणून त्या आज आपल्याला नावाने ठाऊक आहेत. कागदावर उतरवून घेणारा मुलगा नसता, तर त्यांच्याही ओळी एखाद्या संग्रहात बेवारशी पडल्या असत्या. गुणात उणे काहीच नसते; उणे असते ते फक्त नाव. अशा बेवारशी ओळी आपल्या संग्रहांत किती असतील!

मग लिहावे काय? 'अज्ञात' लिहून सुटता येते, पण तो शब्दही तोलून वापरला पाहिजे. कर्ता एकच होता पण आपल्याला ठाऊक नाही, तो अज्ञात. ज्याने जाणून नाव दिले नाही, तो अनामिक. आणि जी रचना दहा तोंडांतून फिरत घडली, ती पारंपरिक. जात्यावरची ओवी बहुधा तिसऱ्या घरातली. उलट अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला नावावरून कोणी 'अज्ञात' समजू नये. तो चांगला नावानिशी उभा आहे.

इंदिरा संतांनी 'मालनगाथे'त या ओवी गाणाऱ्या बाईला मालन म्हटले. कवयित्रीला शोभेल अशीच ही माया आहे. पण मालन हे प्रेमाने ठेवलेले नाव, पुरावा नव्हे. ओवीखाली 'मालन' लिहिले तर संग्रहाचेही नाव हवे, नाहीतर उद्या कोणी मालनबाईंचे चरित्र शोधायला निघेल.

पुराव्याचे काम केले ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या आणि गाणारणीचे नाव व गावही टिपले. गाणारी म्हणजे रचणारी असेलच असे नाही. तरी ती ओवी कोणाच्या गळ्यातून आली, हे कळते. विद्वत्तेइतकीच ही सभ्यता आहे.

हा प्रश्न ओवीपेक्षाही जुना आहे. हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त सातशे गाथा आहेत. जुन्या टीकाकारांनी पुष्कळ गाथांना कवींची नावे दिली, पण त्यांचे एकमेकांशी जुळत नाही. सगळ्या गाथा हालाच्या म्हणाव्यात, तर तो मुख्यतः संग्राहक. म्हणून जाणता अभ्यासक नुसते 'हाल म्हणतो' असे लिहीत नाही. गाथेचा क्रमांक देतो आणि आवृत्ती सांगतो, जसे स. आ. जोगळेकरांची १९५६ ची. नाव हरवले तरी पत्ता हरवत नाही.

आपणही एवढेच करावे. आधी 'पारंपरिक ओवी' असे लिहावे. मग संग्रहाचे नाव, संपादक, साल आणि पान. एकच ओवी मिरजेत एका वळणाची, तर कोकणात दुसऱ्या. तेव्हा कोणता पाठ घेतला हे पानावरूनच कळते. शुभेच्छापत्रावर पान छापणे विचित्र दिसेल. तेथे 'पारंपरिक' आणि संग्रहाचे नाव पुरे.

आमच्या मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मैफलीत दाद गवयाला मिळते आणि ती योग्यच आहे. पण भोपळा कोरणाऱ्या हातांच्या गावाचे नाव आता कागदावर तरी आले. जात्यापाशी बसलेल्या बाईला आपण कागदावरच्या एका खऱ्या ओळीइतकाही मान देऊ नये काय? तिचे नाव आपल्याला देता येणार नाही. निदान दुसऱ्याचे तरी देऊ नये.