टो-बूट आणि स्वामित्वाचा प्रश्न

२०२० साली वापरणाऱ्यांच्या हाती आलेल्या पाईनफोनची थोरवी त्याच्या यंत्रबळात शोधणे व्यर्थ होय. ऑलविनर ए-६४ हा त्यातील प्रोसेसर मंदच आहे. थोरवी आहे ती आरंभक्रमात. वीज मिळताच हा प्रोसेसर प्रथम मेमरी कार्डावर बूटलोडर शोधतो आणि तेथे न मिळाल्यास अंतर्गत स्मृतीकडे वळतो. उत्पादकाच्या स्वाक्षरीची अट कोठेही आड येत नाही.

पूर्वी बूटलोडर प्रत्येक कार्यप्रणालीच्या प्रतिमेतच बांधलेला असे. प्रणाली बदलली की तोही बदले. यू-बूटवर आधारलेल्या टो-बूटने ही गाठ सोडविली. अंतर्गत स्मृतीच्या स्वतंत्र विभागात तो एकदा बसविला की पोस्टमार्केटओएस काढून मोबियन घातले तरी अबाधित राहतो. आवाज वाढविण्याची कळ दाबून ठेवल्यास फोन संगणकाला साध्या पेन ड्राइव्हसारखा दिसतो. (प्रतिमा लिहिताना डिस्कचे नाव चुकले, तर संगणकाचीच डिस्क पुसली जाते, हा इशारा सर्वांत आधी द्यावयास हवा.) छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत प्रेक्षकास दिसते ते पडणारे पाणी, ते आणणारी मातीची नळवाट दृष्टीआडच असते. बूटलोडरचे स्थानही तेच.

तथापि ‘संपूर्ण मुक्त फोन’ हा गौरव अतिशयोक्त होय. क्वेक्टेलच्या मोडेममधील रेडिओचे फर्मवेअर बंदिस्तच आहे. मराठी वाचकास अधिक बोचावी अशी उणीव निराळी आहे. लिनक्सच्या आरंभीच्या कन्सोलवर देवनागरीची जोडाक्षरे जुळत नाहीत. चित्रमय पडदा उजळल्यावर मराठी मिळते. त्यापूर्वीच फोन अडला, तर बिघाडाची वार्ता इंग्रजीतच वाचावी लागते.