मतविभागणीची यादी : एक त्रुटित साधन

१८३६ पासून ब्रिटिश कॉमन्स सभेच्या मतविभागणीच्या याद्या सभासदांच्या नांवांनिशीं अधिकृतपणें छापल्या जातात. संकटकाळीं पक्षनिष्ठा कितपत टिकते हें ठरवितांना अभ्यासक त्यांचाच आधार घेतात. साधन अस्सल खरें. परंतु अस्सल म्हणजे पूर्ण नव्हे.

८ मे १९४० ची यादी पाहावी. ठराव केवळ सभा तहकूब करण्याचा. वस्तुतः कौल होता तो नॉर्वेंतील अपयशाबद्दल चेंबरलेन मंत्रिमंडळावर. २८१ विरुद्ध २०० मतांनीं सरकार जिंकलें. पण दोनशेंहून अधिक असावयाचें मताधिक्य ८१ वर आलें, आणि १० मे रोजीं चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. सरकारपक्षाचे सुमारें ४० सभासद विरुद्ध गेले. त्यांत पुढें भारतमंत्री झालेले अमेरी होते.

हीं नांवें यादींत आहेत. परंतु ज्यांनीं मतच दिलें नाहीं, त्यांची जागा पोथींतील गळालेल्या पानासारखी आहे. कोण आजारी, कोण रणांगणावर, आणि कोण निष्ठा व विवेक यांच्या पेंचांत सांपडून बाहेर राहिला, हें यादी सांगत नाहीं. तें पत्रें व रोजनिशा यांवरूनच ताडावें लागतें. केवळ मतें मोजून निष्ठेचा निवाडा देणें म्हणजे त्रुटित प्रतीवरून पाठ निश्चित करणें होय. त्यांत अन्याय होतो तो मौन राहिलेल्यांवर.