राष्ट्रीय उद्यानातील खडक : बोरिवलीच्या संदर्भात एक चिकित्सा

राष्ट्रीय उद्यान म्हटले की वन्यपशू, पक्षी व वनराई यांचाच विचार प्रामुख्याने होतो. ज्या खडकावर हे सारे उभे असते तो गृहीत धरला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वरवर पाहता इतका विसराळू नाही. राष्ट्रीय उद्यान घोषित करण्याची जी कारणे कलम ३५ मध्ये दिली आहेत, त्यांत परिस्थितिकी, प्राणी आणि वनस्पती यांच्या जोडीने भूरूपांचे महत्त्वही गणले आहे. अर्थात केवळ भूरूपासाठीही एखादे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान होऊ शकते.

अडचण पुढे आहे. याच कलमाच्या सहाव्या पोटकलमात उद्यानात काय करू नये ते सांगितले आहे. वन्यजीव व वनोपज यांचा नाश वा अपहार, प्राण्यांच्या अधिवासाची हानी, पाण्याच्या प्रवाहात फेरफार या गोष्टी तेथे निषिद्ध ठरतात. भूरूपाचा उल्लेख मात्र लुप्त होतो. 'वनोपज' या संज्ञेची व्याख्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातून घेतलेली असून तीत मध, मेण, शिंगे, हाडे यांच्या यादीत खडक व खनिजेही येतात. म्हणजे कायद्याच्या लेखी खडकाला संरक्षण आहे, ते मधामेणाच्या पंक्तीला बसलेली एक नेता येण्याजोगी वस्तू म्हणून. जागच्या जागी असण्याने त्याला जे मूल्य लाभते, त्याची दखल या रचनेत नाही. ही त्रुटी शाब्दिक वाटेल. परंतु तिचे परिणाम पाहण्यासाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान साष्टीच्या डोंगरांवर पसरले आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मुंबई परिसरातील काही खडक त्याहून तीस-चाळीस लाख वर्षांनी अलीकडचे आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे असणारे थर पनवेलच्या बाजूस वाकतात आणि साष्टीत पश्चिमेकडे कललेले आढळतात. येथे एकसुरी बेसॉल्ट नाही. ज्वालामुखीच्या स्फोटक क्रियेतून निघालेले टोकदार तुकडे व राख एकत्र घट्ट होऊन बनलेला कोणाश्म येथे आहे आणि कान्हेरीची लेणी त्यातच खोदलेली आहेत. प्राचीन शिलालेखांतील 'कण्हसेल' आणि पुढचे 'कृष्णगिरी' ही नावे काळ्या डोंगराचीच आहेत. उद्यानालाही पूर्वी कृष्णगिरी हेच नाव होते. ते बदलले तेव्हा खडकाची शेवटची आठवणही पाटीवरून उतरली, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मानवी हस्तक्षेपाची चर्चा बहुधा अतिक्रमणापाशी सुरू होते व तेथेच संपते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या वादात झोपड्या, बिबटे आणि आदिवासी पाडे हेच केंद्रस्थानी राहिले. खडकाच्या बाजूने पाहिले तर क्रम वेगळा लागतो. पहिला मोठा हस्तक्षेप कान्हेरीचाच. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. परंतु ज्यांनी ती कोरली त्यांनी खडक वाचला होता. पावसाचे पाणी कोठून वाहते हे हेरून त्यांनी पन्हळी काढल्या आणि लेण्यालेण्याशी पाण्याच्या पोढी खोदल्या. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव यांनी दऱ्या बुडविल्या, तरी त्यांचीही जागा डोंगराच्या घडणीवरूनच ठरली होती. दगडखाणींचे तसे नव्हते. त्यांनी भोवतालच्या टेकड्या सरळ उचलूनच नेल्या. मालाडचा पिवळसर दगड आज छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या भिंतींवर मिरवतो. तो ज्या टेकड्यांतून आला त्यांचे चित्र मात्र कोठेही टांगलेले नाही.

आता हस्तक्षेप जमिनीखाली गेला आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे ४.७ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवली मार्गाचे सुमारे १०.२५ किलोमीटरचे जुळे बोगदे या दोन्ही कामांचा शुभारंभ १३ जुलै २०२४ रोजी झाला. वरच्या झाडांना धक्का लागणार नाही, हा त्यांच्या समर्थनातील मुख्य युक्तिवाद. जंगल फाडून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा बोगदा बरा, हे मान्यच करावे लागेल. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडले आहे : उद्यान म्हणजे केवळ पृष्ठभाग. लाव्ह्याचे दोन थर जेथे भेटतात ते सांधे, कोणाश्मातील पोकळ्या, भेगाळलेल्या भित्ती यांतून डोंगरात पाणी मुरते व फिरते. तुळशीच्या सांडव्यातून दहिसर नदी निघते, विहार-पवईच्या सांडव्यांतून मिठी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, तेव्हा या नद्यांचे शहराशी असलेले नाते सर्वांना कळले. पाण्याच्या प्रवाहात फेरफार करण्यास कायद्याने मनाई आहे; भूगर्भातील प्रवाह त्यात धरावयाचा की नाही, हा प्रश्न बोगद्यांच्या निमित्ताने खरे तर आधी विचारला जायला हवा होता.

तो कोणी विचारावयाचा? जंगल वन विभागाकडे, लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तलाव महापालिकेकडे. बोगद्यांपैकी एक महापालिकेचा, दुसरा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. डोंगर एक, धनी चार आणि खडक कोणाच्याच दप्तरात नाही. भूवारसास्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. पण ज्या मंत्रालयाचे काम खनिजे काढण्यास चालना देणे, त्याच्याच हाती राखण सोपविणे कितपत शहाणपणाचे, ही शंका उरतेच.

बोगद्यासाठी जमिनीत भोके पाडून खडकाचे दंडगोलाकार नमुने काढावे लागतात. साष्टीच्या डोंगराचा पूर्व-पश्चिम छेद त्यांतून हाती येतो आणि तो पुन्हा मिळणे कठीण. ते नमुने, त्यांच्या नोंदी आणि खोदकामात लागलेल्या पाण्याची मोजमापे कंत्राटदाराच्या गोदामात न राहता खुली व्हावीत, ही मागणी विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांनी खोदकाम चालू असतानाच करावयास हवी. काम संपले की नमुन्यांच्या पेट्या टाकून दिल्या जाण्याचाच संभव अधिक.